वर्तुळाबाहेरचा पाला

ती घटना आठवण्यासाठी मला जुनी डायरी काढावी लागत नाही. एप्रिलात कुठे पाला जाळल्याचा वास आला, की चिखलीच्या घरात मी उठतो आणि खिडकी लावून घेतो. बायको विचारते, एवढ्याशा धुरानं काय होतं तुम्हाला? मी म्हणतो, डोळे चुरचुरतात. चौतीस वर्षं पोलिसात काढली, खोटं बोलणाऱ्यांची तोंडं ओळखण्यात निम्मी नोकरी गेली, आणि घरात मीच हे खोटं बोलत बसलोय.

माझ्या निरोप समारंभात वक्त्यांनी नेमका हाच तपास निवडला. वणव्यात अडकलेल्या शिक्षकाची सुटका, आग लावणारा आरोपी त्याच दिवशी गजाआड. टाळ्या पडल्या. मी गळ्यात हार घालून मान खाली घालून बसलो होतो, तर लोकांना वाटलं साहेब विनयशील आहेत. कसला विनय! त्या आरोपीचं पुढे काय झालं हे त्या सभागृहात एकानंही विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. म्हणून आता लिहितो. नाव कुणाचंच घेणार नाही.

आमच्या जिल्ह्याचे दोन भाग, घाटावरचा आणि घाटाखालचा. मी बीबी गावाकडचा, म्हणजे घाटावरचा, काळ्या मातीतला. ठाणेदारकी मिळाली ती मात्र घाटाखाली, पार उत्तरेला, जिथे सातपुडा सुरू होतो. डोंगर मला कळत नव्हता. जंगल म्हणजे चोरट्या लाकडाचे गुन्हे, एवढंच माझं ज्ञान. त्या वर्षी मार्चअखेरपासून डोंगर धुमसत होता. सकाळी आवारात हजेरी घ्यायला उभं राहिलं की समोरचा डोंगर दिसायचाच नाही, नुसता राखाडी पडदा. शिपायांचे डोळे लाल, वायरलेसवर बसणारा दिवसभर खोकायचा. दुपारी बारा वाजता सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी बघता यायचं.

सोमवारी सकाळी आठच्या सुमारास एक तरुण परिचारिका ठाण्यात आली. ग्रामीण रुग्णालयातली रात्रपाळी करून तशीच आली होती, अंगावर गणवेश. जयभीम साहेब म्हणाली आणि खुर्चीत न बसता उभ्यानंच सांगू लागली. तिचा भाऊ जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. मूळचे मेहकरचे, इथे दोघं एकत्र राहायचे. मास्तरला डोंगर चढायचा नाद. रविवारी पहाटे मोटारसायकल घेऊन गेला तो आला नव्हता, आणि फोन बंद होता. मी विचारलं, एवढ्या धुरात डोंगरावर कशाला गेला? त्यावर ती चिडली, पण माझ्यावर नाही, भावावर. आठ दिवस त्याला बजावत होती म्हणे, की हे धुराचे दिवस सरू दे मग जा.

"आणि तो वाटेनं जात नाही साहेब," ती म्हणाली. "वाट असली की त्याला डोंगर चढल्यासारखं वाटतच नाही."

स्टेशन डायरीला मिसिंगची नोंद घेतली. पायथ्याच्या वस्तीत फोन लावला, तर मोटारसायकल तिथेच उभी होती. आणि त्या डोंगराला रविवारी दुपारपासून आग लागलेली होती. वन विभागाची माणसं पलीकडच्या अंगाला आग विझवत होती, या बाजूला कुणीच नव्हतं.

नऊ वाजता मला खबर मिळाली. खबर देणारा बिडीसाठी लागणाऱ्या तेंदूपत्त्याच्या संकलन केंद्रावरचा मुनशी होता. ठाण्याच्या दृष्टीनं फार कामाचा माणूस, याआधी त्यानं दिलेली एकही खबर वाया गेली नव्हती. त्यानं सांगितलं की वस्तीतला अमुक एक मोहफुलं वेचणारा रविवारी दुपारी डोंगरावरून धापा टाकत पळत खाली आला, लोकांनी पाहिलं. त्याच्या खिशात काडेपेटी असते, त्याच्या झाडांखाली जमीन जळालेली आहे, आणि मास्तरशी त्याचं काहीतरी वाजलं होतं. मी मुनशीचे आभार मानले. हा स्वतः त्या वेळी कुठे होता, हे विचारायचं मला सुचलं नाही. पोलिसाला आयता धागा मिळाला की तो धागा देणाऱ्याचे हात बघत नाही, ही आमची जुनी खोड.

साडेदहाला आम्ही वस्तीत पोहोचलो. तो माणूस आपल्या झाडाखाली बसला होता. पन्नाशीचा, काटक, अंगात बंडी. जीप बघून तो पळाला नाही, उलट आमच्याकडे धावत आला आणि डोंगराकडे हात करून काही सांगू लागला. मी ऐकूनच घेतलं नाही. त्याची झडती घेतली, काडेपेटी निघाली. हवालदाराला लिहायला बसवलं, दोन पंच बोलावले आणि जागेचा पंचनामा केला. मजकूर मी स्वतः सांगितला. मोहाच्या झाडाखालची जमीन अंदाजे वीस फुटांच्या गोलात जळून काळी, काळ्या जमिनीवर पिवळी फुले पडलेली, गोलाच्या कडेला केरसुणीने झाडल्याच्या खुणा, वर्तुळाबाहेरील पाला कोरडा व शाबूत. पंचांनी सह्या केल्या. माझा हवालदार जुना, त्याच भागातला. तो हळूच म्हणाला की साहेब, फुलं दिसावी म्हणून हे लोक दरसाल असं काळं करतात. मी म्हणालो, मग दरसाल गुन्हा करतात. त्यानं पुन्हा कागदात मान घातली.

ठाण्यात मी त्याला 'डोंगऱ्या' म्हणायला लागलो. काय बे डोंगऱ्या, खरं सांग. तो माझ्या ताब्यात होता तोवर मी त्याच्या नावानं त्याला हाक मारली नाही. आज इथेही त्याचं नाव घेत नाही, पण त्याचं कारण वेगळं आहे.

चौकशी साडेअकराला सुरू झाली. तो पहिल्यापासून एकच गोष्ट सांगत होता. रविवारी सकाळी वरच्या खिंडीजवळ त्याला मास्तर भेटला. तिथे त्याचं एक मोहाचं झाड आहे, राखीव जंगलात. म्हणजे तिथे जायलाच बंदी, आणि हे त्यानं न विचारता कबूल केलं. मास्तरनं सुळक्याकडे जायची दिशा विचारली, यानं दाखवली. वरून सांगितलं की धूर आहे, आग इकडे सरकली तर माझ्या झाडाखाली काळी जागा आहे, तिथे येऊन बसा. दुपारी पलीकडून जाळ उठला तेव्हा यानं हाका मारमारून मास्तरला शोधलं, सापडला नाही, म्हणून माणसं गोळा करायला खाली पळत आला, पण जाळाच्या भीतीनं कुणी वर यायला तयार झालं नाही. मास्तर त्या काळ्या जागेतच असेल, चला, असं त्यानं मला तीनदा सांगितलं.

आणि मी काय समजलो? याला जागा इतकी पक्की माहीत आहे, त्या अर्थी यानंच मास्तरला तिथे नेऊन काही केलं असणार. माझा अनुभव आड आला. खोटं बोलणारा माणूस हात लपवतो, मांडीखाली घेतो, खिशात घालतो, हे मी नव्या शिपायांना शिकवत असे. हा माणूस दोन्ही तळवे गुडघ्यांवर उघडे ठेवून बसला होता. मी ते पाहिलं. पाहून सोडून दिलं.

मी त्याला मारलं नाही. हे मी फार वर्षं स्वतःला सांगत आलो, जणू ते काही मोठं पुण्य. मारलं नाही, पण अडीच वाजता मी जे बोललो ते मारण्यापेक्षा वाईट होतं. त्याची बायको दुपारपासून भाकरी बांधून बाहेर कडूनिंबाखाली बसली होती. तिला आत सोडलं नव्हतं. मी आवाज चढवून म्हणालो, "तू नाही बोलत तर तिला आत घेतो. ती बोलेल."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे पाहिलं.

"मी लावली आग," तो म्हणाला. "लिवा. माह्या बायकोले हात लावू नका. अन् आता चला वर, मास्तर उन्हात पडून राह्यला असन."

मी पहिले तीन शब्द तेवढे लिहून घेतले. पोलिसापुढची कबुली कोर्टात चालत नाही हे मला चांगलं ठाऊक होतं, पण कबुली मिळाली की तपास अधिकाऱ्याच्या पोटात जो गारवा पडतो तो पडलाच. मी चहा मागवला. देवाशपथ सांगतो, मी चहा प्यायलो. एप्रिलच्या उन्हात एक माणूस डोंगरावर पडला असेल हे ऐकल्यानंतर.

तीन वाजता निघालो. मी, हवालदार, दोन शिपाई आणि तो. बेडी घालायला कोर्टाची परवानगी लागते, म्हणून आम्ही दोर वापरायचो. त्याची मनगटं पुढून बांधली आणि दोराचं टोक मी स्वतःकडे ठेवलं. शिपायावर विश्वास नव्हता म्हणून.

नेहमीची पायवाट मध्यावर जळत होती. तो थांबला, नाक वर करून वास घेतला, आणि म्हणाला वाट सोडा. मग आम्हाला त्यानं एका कोरड्या नाल्यातून घेतलं. नाल्यात घोट्याएवढे, डोक्याएवढे सुटे धोंडे, प्रत्येक पावलाला निसटणारे. नाला संपला तिथून सरळ उभा चढ. रस्ता नाही, पावलाची खूण नाही, धुरात दहा हातांपलीकडे दिसत नव्हतं. तोंडावर ओले रुमाल बांधले होते ते काही वेळात काळे पडले. माझी छाती धपापत होती. शिपायांपैकी एकाला उलटी झाली. तो मात्र बांधलेल्या हातांनी पुढे चालत होता आणि आम्हालाच सांभाळत होता. काळ्यावरून चाला, पिवळ्या गवतावरून नको, असं पुन्हा पुन्हा सांगत होता. जळून गेलेली जागा परत पेट घेत नाही, उभं पिवळं गवत केव्हाही पेटतं. जळालेल्या बुंध्यांपासून लांब राहा, आत मुळं धुमसत असतात, वरून नुसती राख दिसते. हे सगळं पकडून नेलेला माणूस सांगत होता, आणि ज्यांनी त्याला बांधलं होतं ते निमूटपणे ऐकत होते.

खिंडीच्या खाली एक कातळ लागतो. दोन पुरुष उंचीचा, तिरपा, धरायला फक्त भेगा. तो तिथे थांबून माझ्याकडे वळला.

"साहेब, इथं दोन्ही हात लागते. दोर सोडा. मी कुठी जातो पळून?"

मला तेव्हा काय वाटलं ते जसंच्या तसं लिहितो. मला मास्तर आठवला नाही. हा पळाला तर विभागीय चौकशी लागेल, कदाचित निलंबन होईल, हे आठवलं. मी म्हणालो, नाही, तसाच चढ.

तो चढला. बांधलेली दोन्ही मनगटं एकत्र करून, भेगेत बोटं घालून, सरड्यासारखा चिकटत. मी त्याच्या मागे, दोर हाताला गुंडाळलेला. माथ्याशी आल्यावर माझाच पाय सटकला. मी पडू नये म्हणून दोर खेचला. तो वरच्या काठावर गुडघ्यांवर होता, हिसक्यासरशी आडवा झाला आणि आधारासाठी त्याचे हात बाजूच्या जळक्या बुंध्यात गेले. वरून राख होती. आत निखारे.

दात आवळून त्यानं हात ओढून काढले आणि छातीशी धरून बसला. उजव्या तळव्याची कातडी सोलली होती. हवालदारानं माझ्याकडे असं पाहिलं की सगळ्या नोकरीत हाताखालच्या माणसानं माझ्याकडे तसं कधी पाहिलं नव्हतं. त्यानं मला न विचारता पुढे होऊन दोर सोडला.

दोर सोडल्यावर तो माणूस पळून गेला नाही. उठला, पाण्याची बाटली मागितली, हातावर एक थेंब न घालता ती मास्तरसाठी काखेत धरली आणि पुढे निघाला. खिंडीत पोहोचल्यावर त्यानं हाक मारली. ओ मास्तर. उत्तर नाही. पुन्हा मारली. मग धुरातून आवाज आला, दगडावर दगड आपटल्याचा. हळू, पण थांबून थांबून, मुद्दाम केलेला.

त्या मोहाच्या झाडाभोवती चारी बाजूंनी डोंगर जळून गेला होता. खुरटी झाडं, गवत, बांबू, सगळं. मधे ती वीस फुटांची जागा होती, आधीच काळी केलेली, म्हणून आगीला तिथे खायला काही उरलं नव्हतं. त्या काळ्या गोलात मास्तर बुंध्याला टेकून बसला होता. घोटा मोडलेला, ओठ फुटलेले, पापण्या होरपळलेल्या. रविवारी संध्याकाळी पडला आणि ढोपरांवर सरपटत तिथपर्यंत आला होता. रात्री आग दोन्ही अंगांनी त्याच्या बाजूनं निघून गेली. सकाळपासून पडलेली मोहाची फुलं चोखून त्यानं घसा ओला ठेवला होता. डॉक्टर पुढे म्हणाले की आणखी एक दुपार त्याला निघाली नसती. मी ठाण्यात घालवलेले साडेतीन तास मी तेव्हापासून मोजतो आहे.

मास्तर त्या माणसाकडे बघून म्हणाला, "तुम्ही सांगितलं होतं तिथंच आलो." मग त्याची नजर मनगटांवरच्या वळांकडे गेली आणि तो मला म्हणाला, "यांचे हात कुणी बांधले होते?"

मी म्हणालो, आधी पाणी प्या.

शिपायांनी आणि हवालदारानं आळीपाळीनं मास्तरला सोबत नेलेल्या चादरीतून खाली आणलं. तोवर पायवाटेवरची आग पुढे सरकून गेली होती. पायथ्याला दिवेलागणीला त्याची बहीण उभी होती. तिनं भावाच्या पायाला फळी बांधली, त्याला गाडीत घातलं, आणि मग त्या माणसाचा हात आपल्या हातात घेतला. हे कधीचं, असं तिनं विचारलं. शिपायांनी माझ्याकडे पाहिलं. तिनं पट्टी बांधली आणि मला बजावलं की रोज ड्रेसिंग करायला लागेल, बोटं रोज हलवायला लागतील, नाहीतर आखडतील. मी मान हलवली. त्यानंतर मी त्याची अटक दाखवली. इजेच्या रकान्यात लिहिलं, डोंगर चढताना स्वतः पडल्याने. अक्षर माझंच आहे.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी. कोर्टानं त्याला न्यायालयीन कोठडी दिली. जामीन राहायला वस्तीतलं कोण येणार? आणि वरिष्ठांचा फोन आला की एक मेच्या कवायतीत तुम्हाला प्रशस्तिपत्र आहे.

तिसऱ्या दिवशी मी केसचे कागद लावत बसलो होतो. पंचनामा वाचत वाचत शेवटच्या ओळीवर आलो. वर्तुळाबाहेरील पाला कोरडा व शाबूत. पुन्हा वाचलं. अहो, वर्तुळाबाहेरचा पाला शाबूत होता, याचा अर्थ त्यानं लावलेली आग वर्तुळाबाहेर कधी गेलीच नव्हती! कडेनं झाडून घेऊनच त्यानं जाळलं होतं. त्याला निर्दोष ठरवणारं वाक्य मी स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं, पंचांच्या सह्यांनिशी, आणि तेच वाक्य खिशात घेऊन मी त्याला साडेतीन तास छळलं होतं. त्याच संध्याकाळी रुग्णालयात मास्तरचा जबाब घेतला. आग पलीकडून, तेंदूच्या अंगानं आली हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. नवी कोवळी पानं फुटावी म्हणून तेंदूची झुडपं पेटवून देतात, हे मला हवालदारानं समजावलं. मुनशीचा फोन लावला. बंद. तो पुढे त्या भागात दिसलाच नाही. वस्तीत विचारलं तेव्हा कळलं, रविवारी दुपारी या माणसानं पहिल्यांदा त्यालाच जाऊन सांगितलं होतं की मास्तर वर अडकलाय. म्हणजे खबर घेऊन खबरच उलटी करून त्यानं मला विकली, आणि मी ती डोळे मिटून घेतली. मुनशीविरुद्ध पुढे पुरावा उभा राहिला नाही. आग अज्ञात इसमानं लावली, असंच शेवटी कागदावर राहिलं.

इथपर्यंत चूक म्हणता येईल. माणूस चुकतो, अधिकारीही चुकतो. पण यापुढचं चूक नाही.

आरोपीविरुद्ध पुरावा नाही असा अहवाल मी त्याच रात्री लिहून दुसऱ्या सकाळी कोर्टात देऊ शकत होतो. दोन पानांचं काम. मी ते केलं नाही. एक मेला अकरा दिवस होते. आरोपी निर्दोष निघाला असं आधी बाहेर आलं असतं, तर प्रशस्तिपत्र कसलं आणि कवायत कसली? मी स्वतःला म्हणालो, अजून एक-दोन जबाब होऊ देत, तपास पक्का करू. त्या अकरा दिवसांत मास्तरची बहीण दोनदा ठाण्यात आली. त्याचा हात कसा आहे, ड्रेसिंग होतंय का, मी जाऊन करू का, असं विचारत होती. मी दोन्ही वेळा सांगितलं की प्रकरण न्यायप्रविष्ट आहे. ती निघून गेली, आणि मी फाइल पुढे ओढली.

एक मेला कडक इस्त्रीच्या गणवेशात मी ते प्रशस्तिपत्र घेतलं. दोन तारखेला अहवाल सादर केला. तो सुटला तेव्हा जखम चिघळून भरली होती आणि उजव्या हाताची दोन बोटं तळव्याकडे वळून तशीच राहिली होती. मोहफुलांचा हंगामही संपला होता. फुलं वेचायला बोटं लागतात, दुसरं काही लागत नाही, हे मला तोवर कळलं होतं.

नंतर माझी बदली झाली. प्रशस्तिपत्र मी भिंतीवर लावलं नाही, पण फाडलंही नाही. ते कपाटात कपड्यांखाली आहे. वर्षामागून वर्षं मी ठरवायचो की जाऊन माफी मागेन, आणि काही ना काही कारण काढायचो. निवृत्तीनंतर कारणं संपली. गेल्या मार्चअखेर मी पहाटेची जीप धरून त्या वस्तीत गेलो. हवेत धूर होताच.

तो त्याच खालच्या झाडाखाली उकिडवा बसून डाव्या हातानं फुलं वेचत होता. त्यानं मला लगेच ओळखलं. उठला, रामराम केला, आणि माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, कारण त्या दिवशी कातळावर माझा गुडघा सोलला होता हे त्याच्या ध्यानात होतं. झाडाखाली काळं नव्हतं, जुनी लुगडी अंथरली होती. मी त्याबद्दल विचारलं.

"आता काळं नाई करत साहेब," तो म्हणाला. "पोलीस मांगं लागते."

मी वर खिंडीकडे पाहिलं. तिथल्या झाडाखालीही आता सुका पाला साचला असेल. आज कुणी तिथे अडकलं तर त्याला बसायला जागा नाही, आणि ती जागा माझ्यामुळे गेली. एवढं मनात आलं आणि पाठ करून नेलेलं सगळं बोलणं विसरलो. कसंबसं म्हणालो की माझ्या हातून पाप झालं, तुझा काही दोष नव्हता हे मला तिसऱ्या दिवशीच कळलं होतं, तरी मी तुला अकरा दिवस आत ठेवलं. हे अकरा दिवसांचं त्याला ठाऊक नव्हतं. तो वाकला आणि लुगड्याचा दुमडलेला काठ सरळ केला. मग हात झटकून म्हणाला, जाऊ द्या साहेब, झालं ते झालं, मास्तर वाचला.

त्याची बायको झाडामागून पुढे आली. टोपली कमरेवर होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"त्यायनं सोडलं तुमाले," ती म्हणाली. "मी नाई सोडत. मी तिथंच लिंबाखाली बसली होती साहेब. खिडकी उघडी होती."

तो तिला गप्प राहा म्हणून खुणावत होता, पण ती गप्प राहिली नाही. सुटून आल्यावर दोन महिने तिनं त्याला हातानं घास भरवला, बंडीचे बंद बांधले. मी म्हणालो, बाई, मी माफी मागायला आलोय. ती म्हणाली, माफीचं काय करू मी, ती कुठी ठेवू?

या केसनं काय शिकवलं, असं मला व्याख्यानांत विचारतात. मी आजवर सांगत आलो की खबऱ्याची पारख करा, पंचनामा नीट वाचा. ते बरोबरच आहे, नव्या अधिकाऱ्यांनी ते जरूर करावं. पण मला पारख नव्हती असं नाही. मला उघडे तळवे दिसले होते, शाबूत पाला दिसला होता, हवालदाराचं ऐकू आलं होतं. मला दिसत होतं आणि मी माझी सोय बघितली. तिसऱ्या दिवसानंतर तर मला सगळंच माहीत होतं. अडाणीपणाला शिक्षण आहे. माहीत असून अकरा दिवस थांबणाऱ्याला कोणतं प्रशिक्षण देणार? मला लाज वाटते, आणि ती कमी व्हावी अशी माझी आता इच्छाही नाही.

तिनं टोपली माझ्यापुढे ठेवली. फुलं येचता येते का, असं विचारलं. मी नाही म्हणालो. मग शिका, म्हणाली.

मी चपला काढल्या आणि लुगड्यावर बसलो. फूल एवढंसं असतं, ओलसर, जोरात धरलं तर चिरडतं, हलकं धरलं तर निसटतं. दहा बोटं शाबूत असून मला ते जमत नव्हतं. ऊन वर येईपर्यंत वेचत होतो, कंबर मोडली, टोपलीचा तळ झाकला नाही. मधेच मी मागे वळून पाहिलं. ती माझ्या मागून सरकत येत होती, आणि माझ्याकडून सुटलेलं एकेक फूल उचलून आपल्या पदरात टाकत होती.